खडकातली स्वारी

घरात नवा माणूस आला की म्बूना आधी त्याला नीट बघून घेतो. गोल्डफिश आपल्याच तंद्रीत फिरत असतो, गप्पी शेपट्या मिरवत असतात. हा मात्र काचेशी येतो, अंग स्थिर ठेवतो, डोळा तेवढा फिरवतो आणि पाहुणा दारातून सोफ्यापर्यंत जाईतो काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याला सोबत करतो. पाहुण्याच्या हातात खाण्याची डबी नाही याची खात्री पटली, की पाठ फिरवून आपल्या दगडांत निघून जातो. स्वारीच्या दरबारी तुमची नोंद झाली, असं समजायचं.

स्वारी मूळची आफ्रिकेची. मलावी, टांझानिया आणि मोझांबिक या तीन देशांमध्ये मलावी नावाचं लांबलचक सरोवर पसरलेलं आहे. लांबी सुमारे ५८० किलोमीटर, सर्वांत खोल जागी तळ ७०० मीटरच्या आसपास. पण साधारण २०० मीटरच्या खाली पाण्यात प्राणवायूच नाही, त्यामुळे माशांचा सगळा संसार वरच्या थरात चालतो. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सरोवरात नसतील इतक्या जातींचे मासे इथे आहेत. त्यांतले बहुतेक सिक्लिड कुळातले, आणि त्या सिक्लिडांपैकी जवळपास सगळे फक्त इथलेच. त्यांतही किनाऱ्याच्या खडकांना धरून राहणारे जे, त्यांना तळ्याकाठचे लोक म्बूना म्हणतात. सरोवराच्या दक्षिण टोकाचा भाग १९८४ पासून जागतिक वारसा म्हणून जपला जातो, तो या मंडळींमुळेच.

म्बूना पक्का घरकोंबडा आहे. दोन खडकांच्या मध्ये वाळूचा मोठा पट्टा लागला तर तो ओलांडून पलीकडे जायला तो सहसा धजत नाही. पलीकडच्या खडकावर त्याचेच भाऊबंद राहतात, पण पिढ्यान् पिढ्या जाणंयेणं नसल्यानं त्यांचा रंग वेगळा झालेला असतो. इथे अंगभर निळा, तर थोडं पुढे त्याच जातीचा पिवळ्या पाठीचा. असा जागेला चिकटलेला आणि जागेचा अभिमान बाळगणारा जीव आपल्या दिवाणखान्यात येतो, तेव्हा स्वभावातला खडक बरोबर घेऊनच येतो. त्याला सांभाळायला माया लागतेच. पण त्याहून जास्त लागतो तो आवरलेला हात. त्याच्याशी जितका परिचय वाढतो तितकं हे पटत जातं.

पहिली भेट बहुधा दुकानातली. कोपऱ्यातल्या टाकीवर ‘मिक्स आफ्रिकन’ अशी चिठ्ठी असते आणि आत बोटाच्या पेराएवढी पिल्लं. त्यांत ऑराटस हमखास असतो. सोन्यासारखं पिवळं अंग आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेले काळे-पांढरे पट्टे. बरोबर आलेली मुलं त्याच्यावरच बोट ठेवतात. ‘लहान आहे, राहील सगळ्यांत,’ असं दुकानदार म्हणतो, आणि त्या दिवशी ते खरंही असतं. पुढे वर्षभरात त्यांतला जो नर टाकीचा मालक होतो, त्याचा रंग उलटा होतो. पिवळं होतं तिथे काळपट तपकिरी येतं, काळं होतं तिथे फिकट पट्टे उमटतात. बाकीचे नर त्याच्या धाकानं पिवळेच राहतात, माद्यांत मिसळून जातात. अंगात रंग असूनही तो दाखवायची त्यांना सोय नसते. जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटरचा हा मासा चार फुटांच्या टाकीतल्या सगळ्यांना एका कोपऱ्यात बसवू शकतो.

म्हणून पहिल्यांदा म्बूना पाळणाऱ्यानं दुकानातच हात आवरावा. ऑराटस पुढे कधीतरी घ्यावा, आधी यलो लॅब घ्यावा. तोही म्बूनाच, पण भाऊबंदांत सर्वांत मवाळ. लिंबासारखा पिवळा रंग, पाठीच्या परावर काळी किनार. मादीचा रंगही जवळपास तसाच खुलतो, त्यामुळे टाकीला शोभा येते. भांडण त्यालाही येतं, फक्त ते दिवसभर करत बसण्याची आवड नसते.

घर तयार नसेल तर स्वारी आत पाऊल टाकत नाही, आणि टाकलंच तर जिवाला मुकते. नवी टाकी आणून पाणी भरलं, दिवा लावला की आपल्याला ती तयार वाटते. पाणी कसं आरशासारखं दिसत असतं. पण माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यावे लागतात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. पाळणारे याला टाकी सायकल होणं म्हणतात. म्बूनाच्या बाबतीत ही वाट बघणं जास्तच गरजेचं आहे, कारण त्याला अल्कधर्मी पाणी आवडतं आणि तशा पाण्यात अमोनियाचं विष अधिक जहाल होतं. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत टाकी रिकामी ठेवायला धीर लागतो. रोज येऊन ‘मासे कधी?’ असं विचारणाऱ्या मुलांपुढे तर फारच.

पाण्याबद्दल त्याच्या आवडी ठाम आहेत. सामू ७.८ ते ८.६ च्या दरम्यान, तापमान २४ ते २७ अंश, आणि पाण्यात क्षार हवेत. मुंबई-पुण्याला नळाला येतं ते सह्याद्रीच्या पावसाचं, धरणात साठलेलं हलकं पाणी. ते आपल्याला गोड लागतं, त्याला बेचव वाटत असावं. याउलट ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरं कीट चढतं, ते पाणी म्हणजे त्याचं माहेर. सोलापूरकडच्या एका ओळखीच्या घरी बाकीचे सगळे त्या पाण्याच्या नावानं बोटं मोडतात आणि टाकीतले म्बूना मात्र असे रंग दाखवतात की शहरातल्या पाळणाऱ्यांनी बघत राहावं. बोअरच्या पाण्यात नायट्रेट किती आहे तेवढं मात्र आधी तपासून घ्यावं.

हलकं पाणी असणाऱ्यांसाठी साधा उपाय आहे. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत कोरलचे तुकडे ठेवायचे. ते हळूहळू विरघळतात आणि सामू जागच्या जागी धरून ठेवतात. बिघडतं ते उत्साहामुळे. मीटरवर ७.६ दिसलं म्हणून चिमूटभर खायचा सोडा, दुसऱ्या दिवशी ८.८ दिसलं म्हणून आणखी काही, असे प्रयोग सुरू झाले की मासे बेजार होतात. एखाद्या दशांशाचा फरक म्बूना निभावून नेतो, रोजची चढउतार त्याला सोसत नाही. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं आणि फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धरला तर कष्टानं वसवलेले जिवाणू धुऊन जातात.

पाणी बदलताना मात्र स्वारीची देखरेख असते. हात आत गेला की दगडामागून चार-पाच जण बाहेर येतात. एक जण सायफनच्या नळीच्या तोंडाशी थांबून आत काय जातंय ते पाहतो, दुसरा मनगटाशी येतो आणि हातावरचे केस एकेक करून ओढून बघतो. खडकावरचं शेवाळ खरवडायला बनलेले ते बारीक दात कातडीवरून पॉलिशपेपर फिरवल्यासारखे लागतात. दुखत नाही, पण ही कोणाची जागा आहे ते आपल्याला कळतं.

घराच्या मांडणीत त्याला आपली मतं आहेत. आपण वाळू सपाट करून मधोमध दगडांची सुंदर रास रचतो. दिवा मालवून झोपतो. सकाळी एका दगडाखाली खड्डा आणि दुसऱ्यासमोर टेकडी. त्याला काम करताना बघावं. तोंड भरून वाळू उचलायची, अंगाच्या लांबीएवढं पुढे जायचं, थुंकायची, वळून झालेलं काम न्याहाळायचं आणि पुन्हा खाली जायचं. तासन् तास हे चालतं. म्हणून दगड वाळूवर ठेवायचे नसतात. आधी तळाच्या काचेवर थर्मोकोल किंवा फोमचा तुकडा, त्यावर दगड पक्के बसवलेले, आणि वाळू सर्वांत शेवटी. नाहीतर पायाखालची वाळू स्वारीनं काढून नेली की वरचा दगड थेट काचेवर येतो. आपल्याकडचा काळा फत्तर यासाठी उत्तम. जड असतो, पाण्यात काही सोडत नाही आणि त्याच्यावर निळे-पिवळे रंग उठून दिसतात. दगड भरपूर हवेत आणि त्यांत आरपार जाणाऱ्या फटी हव्यात. एका तोंडाची गुहा म्हणजे मार खाणाऱ्यासाठी सापळाच. पानवनस्पतींचा मोह शक्यतो सोडावा. दगडाला बांधलेला जाड पानांचा अॅन्युबियस तेवढा टिकतो, बाकीची बाग तो कोशिंबीर समजून खाऊन टाकतो.

आता त्याच्या रागाबद्दल. म्बूना नराच्या जागेचा सातबारा फक्त त्याच्या डोक्यात असतो, पण त्यातली हद्द टाकीतल्या प्रत्येकाला पाठ असते. एखादा बेसावध यलो लॅब एका ठरावीक दगडापर्यंत येतो, तोवर काही घडत नाही. दगडापुढे वीतभर सरकला की मालक सुटतो, त्याला पलीकडच्या काचेपर्यंत नेऊन पोचवतो आणि त्याच वाटेनं मागे येऊन आपल्या जागी असा उभा राहतो जणू काही झालंच नाही. बरोबरीचा प्रतिस्पर्धी असेल तर सगळा विधी होतो. आधी पर ताठ करून आडवं उभं राहायचं, अंग थरथरवायचं, मग कल्ले फुगवायचे, आणि तरीही समोरचा हटला नाही तर तोंडात तोंड अडकवून ढकलाढकली. हरलेल्याचा रंग बघता बघता उतरतो. पर मिटतात आणि तो पाण्याच्या वरच्या थरात, फिल्टरच्या नळीआड जाऊन उभा राहतो. टाकीसमोरून जाताना पाळणाऱ्याची नजर रोज आधी त्या कोपऱ्यावर जावी.

इथे आपली दया कामाला येत नाही. मार खाणाऱ्याला बाहेर काढलं तर दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात दुसरा कोणी उभा असतो. मासे कमी करून शांतता आणावी असं वाटतं, त्यानं तर उलटच होतं. चार-पाच मासे असले की मालकाला एकाच्याच मागे लागायला दिवस मोकळा मिळतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशा साधारण अडीचशे लिटरच्या टाकीत सारख्या आकाराचे वीस-पंचवीस मासे असले की राग वाटला जातो. कोणा एकाच्या वाट्याला जीव जाईल इतका येत नाही. प्रत्येक जातीत एका नरामागे तीन किंवा अधिक माद्या हव्यात. डेमसोनी नावाचा बोटभर लांबीचा निळा-काळा पट्टेवाला आपल्याच जातीवर इतका खवळतो, की पाळायचा तर एकदम डझनभर पाळावा लागतो. ही गर्दी फुकट मिळत नाही. फिल्टर दुप्पट ताकदीचा लागतो आणि आठवड्याचं पाणी चुकवून चालत नाही.

मालकच हाताबाहेर गेला तर त्यालाच काही दिवस दुसऱ्या टाकीत हवापालटाला पाठवावं. तो नसताना सगळे दगड हलवून मांडणी बदलावी. परत येतो तेव्हा त्याच्या ओळखीची एकही खूण जागेवर नसते, बाकीच्यांनी नव्या जागा वाटून घेतलेल्या असतात आणि गेल्या आठवड्याचा जमीनदार आज नवा भाडेकरू होतो. थोडे दिवस बरे जातात. नवे मासे सोडतानाही हीच युक्ती उपयोगी पडते.

हा नुसता भांडखोर असता तर त्याच्यावर इतकं लिहिण्यासारखं काही नव्हतं. तो भांडणं लक्षात ठेवतो, स्वतःची आणि दुसऱ्यांचीही. त्याचा एक आफ्रिकी चुलतभाऊ बर्टोनी, टांगानिका सरोवर परिसरातला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याच्यावर एक प्रयोग झाला आणि २००७ साली तो ‘नेचर’मध्ये छापून आला. एका नराला काचेआडून दुसऱ्या नरांच्या झुंजी दाखवल्या. पहिल्यानं दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यानं चौथ्याला, चौथ्यानं पाचव्याला. मग ज्या दोघांची गाठ त्यानं कधीच पाहिली नव्हती, त्या दुसऱ्याला आणि चौथ्याला त्याच्यासमोर ठेवलं. बघणारा चौथ्याकडे वळला, म्हणजे दोघांतल्या दुबळ्याकडे. कोण कोणाला भारी पडेल हा हिशोब त्यानं नुसत्या पाहण्यावरून मांडला होता. त्यामुळे टाकीत झुंज सुरू असताना बाकीचे सगळे दगडांच्या फटींतून स्तब्ध होऊन बघत असतात, तेव्हा ती नुसती करमणूक नसते.

खाण्याच्या बाबतीत म्बूनाइतका पट्टीचा नाटकी शोधून सापडायचा नाही. डबीच्या झाकणाचा आवाज झाला की वैर, हद्द, मानपान सगळं बाजूला ठेवून वीसच्या वीस जण काचेच्या एका कोपऱ्यात गोळा होतात आणि अशी तडफड करतात की बघणाऱ्याला वाटावं, या घरात यांना कोणी खायला घालत नाही. आपल्या घरी पोटभर जेवून शेजारच्या काकूंकडे ‘आज काहीच खाल्लं नाही’ म्हणून पुन्हा पाटावर बसणाऱ्या पोराची ही जात. काकू विरघळतात, तशी घरातली वडीलधारी माणसंही विरघळतात. मग सकाळी एक जण घालतो, दुपारी दुसरा, आणि संध्याकाळी पाहुण्यांना गंमत दाखवायला पुन्हा एकदा.

त्याचं पोट मात्र या नाटकाला साथ देत नाही. सरोवरात तो खडकावरचा शेवाळाचा पातळ थर आणि त्यातले बारीक किडेमकोडे खरवडून खातो. त्याच्या भाऊबंदांत एक लॅबिओट्रोफियस आहे. त्याचं मांसल नाक वरच्या ओठावर आलेलं असतं आणि तोंड खालच्या बाजूला, त्यामुळे खडकाला जवळजवळ समांतर राहून तो चरू शकतो. पुढचा जबडा खरवडतो, घशात आणखी एक जबडा असतो तो चिरडतो, आणि पुढे लांबलचक आतड्यात दिवसभर थोडंथोडं पचत राहतं. अशा आतड्यात प्रथिनांनी भरलेल्या अळ्या किंवा मांस गेलं, वर पाणीही बिघडलेलं असलं आणि छळ चालू असला, की मलावी ब्लोट होतो. मासा घास घेऊन थुंकतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो, मग पोट फुगतं. तिथून परतणारे थोडेच. म्हणून स्पिरुलिनाचं खाद्य, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच. कधी सोललेला उकडलेला मटार, कधी वाफवलेल्या पालकाचं पान. आठवड्यातून एक दिवस उपास. त्या दिवशी तो काचेशी येऊन जे डोळे करतो, त्यांच्याकडे बघत डबी बंद ठेवणं ही मायेची खरी कसोटी.

एवढ्या तापट माणसाच्या प्रेमप्रकरणात मात्र कमालीची नजाकत आहे. नर आधी दगडाजवळची एक जागा साफ करतो. मादी जवळ आली की तिच्यासमोर आडवा होतो, रंग इतका गडद करतो की दिवा वाढवल्यासारखा वाटावा, आणि सगळं अंग थरथरवतो. दोघं एकमेकांच्या शेपटीशी तोंड ठेवून गोल फिरू लागतात. मादी एखादं अंडं घालते, लगेच वळते आणि ते तोंडात घेते. नराच्या मागच्या परावर पिवळे गोल ठिपके असतात, थेट अंड्यांसारखे दिसणारे. तो पर पसरून थरथरवतो, मादी त्या ठिपक्यांशी तोंड नेते आणि त्याच क्षणी नराचं वीर्य तिच्या तोंडात जाऊन आतली अंडी फळतात. सिक्लिडांच्या परावरच्या या खोट्या अंड्यांचं कोडं वोल्फगांग विकलर या शास्त्रज्ञानं १९६२ साली उलगडून मांडलं. आपल्या टाकीत दुपारी हे चालू असताना बाकी सगळे थोडे लांब उभे असतात, कारण त्या वेळी नराच्या हद्दीत शिरणं कोणालाच परवडत नाही.

पुढचे साधारण तीन आठवडे ती मादी काही खात नाही. तिला ओळखायला शिकावं. गळ्याखाली फुगवटा असतो, जबडा पुरता मिटत नाही, आणि मधूनमधून काहीतरी चघळल्यासारखी हालचाल होते. आतली अंडी ती फिरवत असते, म्हणजे सगळ्यांना ताजं पाणी मिळतं. जेवणाच्या वेळी ती सगळ्यांबरोबर वर येते, दाणे समोरून खाली जाताना बघते आणि वळून दगडाआड जाते. एरवी एवढा धसमुसळेपणा करणारी ही जात इतका संयम कुठून आणते कोण जाणे. शेवटी ती एखाद्या फटीशी जाऊन तोंड उघडते आणि सेंटिमीटरभराची, डोळे पूर्ण उघडलेली पिल्लं बाहेर पडतात. तिथून पुढे ज्याचं त्यानं बघायचं.

त्या काळात हात शिवशिवतात. तिला जाळीत धरून तोंड उघडून पिल्लं काढून घेणारे लोक असतात, अनुभवी हाताला ते जमतंही. नवख्यानं ते टाळावं. पकडापकडीच्या धास्तीनं ती अंडी थुंकून टाकते, आणि सगळा उपास वाया जातो. दगडांच्या अरुंद फटी ठेवाव्यात आणि वाट बघावी. बरीच पिल्लं जातात, चार-दोन जगतात, आणि एक दिवस दगडामागून एक इवलासा पट्टेवाला बाहेर येऊन आल्या आल्या दुसऱ्या इवल्याशा पट्टेवाल्याला हाकलतो. निरनिराळ्या जाती एकत्र असतील तर ही पिल्लं मिश्रही असू शकतात. सरोवरात प्रत्येक खडकानं जे रंग जपले, ते एका टाकीत चार महिन्यांत मिसळून जातात. अशी पिल्लं शुद्ध जातीच्या नावानं कोणाला देऊ नयेत.

संकटकाळी स्वारीचा सगळा तोरा उतरतो. वीज गेली की फिल्टर बंद पडतो, आणि गर्दीच्या टाकीत प्राणवायू लवकर संपतो. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागतात, आणि त्या वेळी एकाच जागी मालक आणि त्याचे बळी अंगाला अंग लावून उभे असतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप ज्या घरात तयार असतो तिथे हा प्रसंग गुदरत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात पाणी बत्तीस अंशांच्या वर जातं, गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. अशा वेळी टाकीचं झाकण काढून जाळी घालावी, पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावावा, खाणं निम्म्यावर आणावं. थंडीत नाशिक-नागपूरकडे हीटर हवाच.

या परदेशी पाहुण्याचं आपल्याकडे थोडं नातंही आहे. गोव्याच्या खाड्यांतला, रव्यात घोळून तव्यावर पडणारा काळुंदर हा सिक्लिडच. भारताच्या मूळच्या तीन सिक्लिडांपैकी एक, आणि त्याच्या सर्वांत जवळच्या सोयऱ्यांचं गाव मादागास्कर. दुसरी नातेवाईक भिगवणला ताटात भेटते, चिलापी. ही मात्र इथली नाही. आफ्रिकेतली ही तिलापिया १९५२ साली भारतात आणली गेली, अन्न म्हणून. म्बूनासारखीच ही पिल्लं तोंडात वाढवते, कसल्याही पाण्यात तगते, पटापट वाढते. उजनीच्या जलाशयात या तिलापियांनी असा जम बसवला की जाळं भरून त्याच येऊ लागल्या आणि नदीच्या मूळच्या माशांना जागा कमी पडली.

ही गोष्ट उलट्या बाजूनंही घडलेली आहे. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला. पुढे त्याच्या भुकेनं आणि गढूळ होत गेलेल्या पाण्यानं तिथल्या सिक्लिडांच्या शेकडो जाती दिसेनाशा झाल्या. एके ठिकाणी बाहेरून आलेल्यानं सिक्लिड संपवले, दुसऱ्या ठिकाणी बाहेरून आलेला सिक्लिडच इतरांना भारी पडला. दोन्हीकडे सोडणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

म्हणून स्वारीला घरी आणण्याआधी एवढा विचार करावा, की नीट ठेवली तर ती सहा-आठ वर्षं सहज राहणार आहे. तेवढ्यात आपली बदली होईल, घर लहान होईल, मुलं शिकायला जातील. टाकी नकोशी झाली तर दुसरा पाळणारा शोधावा, नाहीतर दुकानदाराला मासे परत द्यावेत. पिशवी घेऊन ओढ्याकडे, विहिरीकडे किंवा देवळाच्या तळ्याकडे जाऊ नये. त्या वाटेवर माणूस दयाळू मनानंच निघालेला असतो. ‘मोकळं करू या बिचाऱ्याला,’ असंच त्याला वाटत असतं. पण त्याचा मोकळेपणा मलावीच्या खडकांत आहे, आणि तिथे त्याला आपण पोचवू शकत नाही. इथे त्याला द्यायला आपल्याकडे जड पाणी, भक्कम दगड, बेताचा घास आणि बरोबरीची चार माणसं आहेत. एवढं वेळेवर मिळालं तर तो तक्रार करत नाही. ते देत राहावं आणि बाकी त्याच्यावर सोपवावं.